शिक्षकाला हुरूप कशाने येतो? मुख्याध्यापक, केंद्र आणि शासन यांनी नेमकं काय करायला हवं? (सोलापूर जिल्हा)

चिंचेखालची शाळा (धागाकर्ती)

नमस्कार. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते सातवी, पट १६०च्या आसपास. निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात, काही तांड्यावरून येतात, उरलेली मराठी घरातली. नोकरीची २६ वर्षं झाली. बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळतेय, ती इथे सविस्तर लिहिते.

चार वर्षांपूर्वी शाळा तपासणीला एक साहेब आले होते. तिसरीच्या वर्गात त्यांनी एका मुलाला उभं केलं आणि पाठ वाचायला सांगितला. मुलाने घडाघडा वाचला. साहेबांनी शेरेबुकात ‘उत्तम’ लिहिलं आणि चहा घेऊन गेले. मी त्याच मुलाला शेंगदाण्याच्या पुडीचा वर्तमानपत्राचा कागद दिला आणि म्हटलं, यातलं कुठलंही वाच. तो नुसता कागदाकडे बघत राहिला. पाठ त्याला तोंडपाठ होता, वाचता येत नव्हतं.

वर्गशिक्षिका बाजूलाच होत्या. मुलं सुटल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, मला माहीत होतं. अशी अकरा मुलं आहेत. पण कुणाला सांगू?”

हे ‘कुणाला सांगू’ मला फार लागलं, कारण त्या मलाही सांगू शकल्या नव्हत्या. मी चार खोल्या पलीकडे बसत होते. वाचता न येणाऱ्या मुलांचा आकडा कागदावर आला की नोटीस निघते हे त्यांना ठाऊक होतं. मुलांना कसं शिकवायचं हे मात्र कुणीच सांगत नाही, हेही ठाऊक होतं. मग माणूस झाकतो. आणि आपण झाकतोय हे रोज स्वतःला कळत असलं की वर्गात उभं राहायची उमेदच जाते.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सगळे बसलो. सुरुवात मी माझ्यापासून केली. पाचवीचं गणित माझ्याकडे होतं. २३ पैकी ९ मुलांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती आणि हे मीही दडवलं होतं. सोमवारी सगळ्यांनी माझ्या तासाला येऊन मागे बसा, असं सांगितलं. पोटात गोळा आला होता, खरं सांगते.

तास फसला. फळ्यावर ५२ वजा २७ मांडलं. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले, तेव्हा मुलं बरोबर करत होती. वहीत मात्र पुन्हा त्याच नऊ जणांचं उत्तर ३५. तास संपल्यावर आमचे सगळ्यात तरुण सर जरा चाचरतच म्हणाले, “मॅडम, तुम्ही दर वेळी ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ असं म्हणता. मुलं तेच करतात. सातातून दोन, पाचातून दोन.” मी थक्क झाले. २२ वर्षं मी ते वाक्य म्हणत होते! चूक मुलांची नव्हती, माझ्या वाक्यानेच ती शिकवली होती. दुसऱ्या दिवशी ते वाक्य सोडलं आणि ‘दोन काड्या हातात आहेत, सात द्यायच्या आहेत, काय करू?’ असं विचारायला लागले. पंधरा दिवसांत नवातली सहा मुलं मार्गी लागली.

पण त्या दिवसानंतर शाळेत जे बदललं ते वजाबाकीपेक्षा मोठं होतं. मुख्याध्यापिकेचा तास फसतो, एक कनिष्ठ शिक्षक ते सांगतो आणि काही आभाळ कोसळत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर तिसरीच्या बाईंनी आपणहून मला वर्गात बोलावलं.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो. परिपाठानंतरच्या पहिल्या दोन तासिका कुणी फोन उघडायचा नाही. ‘आजच्या आज माहिती सादर करा’ असा निरोप आला तर तो माझा, लिंक मी भरते. प्रत्येक वर्गात पंधरवड्यातून एकदा वीस मिनिटं मी मागे बसते. लॉगबुकात काही लिहीत नाही आणि नंतर एकाच गोष्टीवर बोलते, दहा गोष्टींवर नाही. आणि कोणतं मूल अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद यांपैकी कुठे आहे त्याची वही आमच्या कपाटात असते. ती वर जात नाही.

हे एका शाळेचं झालं. माझी बदली झाली की हे टिकेल का, माहीत नाही. म्हणून विचारते: तुमच्याकडे मुख्याध्यापकाने किंवा धोरणाने असं काय केलं, ज्याने शिक्षकाला बळ आलं आणि मुलं खरंच शिकली? आणि कशाने बळ गेलं, तेही लिहा.

---

पूर्वभागातला मास्तर

मॅडम, वाचून अंगावर काटा आला. मी शहरात पूर्व भागातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत आहे. आमच्या मुलांच्या घरी तेलुगू. वडील यंत्रमागावर किंवा गारमेंटमध्ये, आई विड्या वळते. आठवीत आलेल्या मुलाला मराठी परिच्छेद वाचता येत नाही आणि मला इतिहासाचा पाठ्यक्रम पुरा करायचा असतो.

बळ कशाने गेलं ते सांगतो. आधीच्या एका शाळेत दहावीचा निकाल घसरला, तेव्हा ज्या विषयांचा निकाल कमी त्या शिक्षकांना सभेत उभं केलं होतं. त्यात मी होतो. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात मुलांना प्रश्नच विचारले नाहीत. उत्तर आलं नाही तर दाराबाहेरून कुणी ऐकेल, ही भीती. नोट्स लिहून द्यायचो, मुलं उतरवून घ्यायची, वर्ग शांत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं किती शिस्त!

दुसरं म्हणजे मुख्याध्यापक होतो कोण? खाजगी शाळांच्या १९८१च्या नियमावलीप्रमाणे सेवाज्येष्ठता चालते. त्यामुळे बरेचदा निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना खुर्ची मिळते आणि पहिलं वर्ष पगारबिलं, शालार्थ (पगाराची ऑनलाईन प्रणाली), संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होणं) समजून घेण्यात जातं. ज्येष्ठतेला माझा विरोध नाही, त्यामुळे वशिला तरी थांबतो. पण दुसऱ्याचा तास कसा पाहायचा आणि पाहिल्यावर काय बोलायचं, हे मुख्याध्यापकाला कुणी कधी शिकवतच नाही. ते प्रशिक्षण खुर्चीत बसण्याआधी व्हायला हवं.

---

सीनाकाठ

मी शिक्षक नाही. मोहोळ तालुक्यातला शेतकरी, शाळा व्यवस्थापन समितीत आहे. जरा कडू लिहितो, राग मानू नका.

शिक्षकांचा आत्मविश्वास वगैरे ठीक. पण ती वही कपाटात का? आमच्या पोराला वाचता येत नाही हे आम्हाला चौथीत कळतं, तोवर उशीर झालेला असतो. मग माणूस कर्ज काढून पोराला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. कायद्यात समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आणि आम्ही करतो काय? प्रोसिडिंगवर सही. पोषण आहाराचा तांदूळ किती आला हे आम्हाला विचारतात, पोरं किती वाचतात हे कधी विचारत नाहीत. वही भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसू द्या.

---

चिंचेखालची शाळा

सीनाकाठ दादा, राग कसला, तुमचं बरोबर आहे. मी लिहायला चुकले. वही वर जात नाही, पण घरी जाते. भिंतीवर मात्र लावत नाही, कारण भिंतीवर मुलाचं नाव ‘अक्षर’ गटात दिसलं की दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत येत नाही. हा अनुभव आहे.

आम्ही महिन्यातून एकदा पालकांना बोलावतो आणि मूल आईवडिलांसमोर वाचतं, ज्याचं त्याच्यासमोर. सुगीच्या दिवसांत दिवसा कुणी येत नाही, म्हणून रात्री आठला मारुतीच्या देवळात बसतो. पहिल्या वेळी शिक्षक फार घाबरले होते. पण एक आई म्हणाली, “बाई, मला स्वतःला वाचता येत नाही, पण अडखळतोय एवढं कळतंय. घरी काय करू ते सांगा.” शिक्षकांना वाटत होतं पालक भांडायला येतील. आले ते विचारायला.

---

भगवंतनगरी

मी बार्शीचा, केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त. नव्वदच्या दशकात केंद्रशाळा आल्या तेव्हा कल्पना सुंदर होती. दहा-बारा शाळांचं एक केंद्र, महिन्याला शिक्षण परिषद, एका गुरुजींनी केलेलं दुसऱ्याने पाहावं. सुरुवातीला आम्ही ते केलं. एखाद्या वस्तीवरच्या शाळेत सगळे जमायचे, तिथले गुरुजी प्रत्यक्ष मुलांना घेऊन पाठ घ्यायचे, मग झाडाखाली भाकरी-शेंगाचटणी आणि चर्चा.

पुढे पदं रिकामी राहिली. माझ्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे तीन केंद्रं होती. मी नुसता टपालवाला झालो होतो. परिषदेत सूचना वाचून दाखवायच्या, माहिती गोळा करायची, संपलं. याची मला आजही खंत आहे.

साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषद शाळांचा गट, आठवतं का? साधारण दहा वर्षांपूर्वी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासनाच्या कार्यक्रमाच्या सुमारास, मुलं स्वतः करून कशी शिकतात ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून तिथे जायचे. मीही तीस जणांना घेऊन गेलो होतो. येताना गाडीत एक गुरुजी म्हणाले, “साहेब, ही पोरं आपल्याच पोरांसारखी आहेत की!” शंभर प्रशिक्षणांनी जे झालं नव्हतं ते त्या एका दिवसाने झालं. आपल्यासारख्याच शाळेत, आपल्यासारख्याच पगारात, दुसऱ्या शिक्षकाने केलेलं डोळ्यांनी पाहिलं. परत येऊन सगळ्यांनी केलं असं नाही. तिथल्यासारखी फरशीवर नुसती रंगीत वर्तुळं काढणारेही निघाले. पण सात-आठ जणांनी खरंच केलं आणि ती मुलं पुढे गेली.

एका मुद्द्यावर मॅडमशी मतभेद. लेखी नोंद हवीच. तुमची बदली झाल्यावर पुढच्या माणसाला कळणार कसं? नोंद शिक्षकाकडे राहू द्या, वाटल्यास त्यांच्याच हस्ताक्षरात, पण असू द्या.

---

सीमेवरचा सेवक

पहिल्यांदाच लिहितोय. मी भंडारा जिल्ह्यातला. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, अक्कलकोट तालुक्यात सीमेलगतच्या गावी शिक्षण सेवक आहे. मानधन १६,००० आहे, त्यात खोलीचं भाडं आणि घरी थोडे पाठवणे. शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे जोडवर्ग. दुसरे सर बैठकीला गेले की चारही वर्ग.

पहिल्या दिवशी एक मुलगी सारखी “नीरु, नीरु” म्हणत होती. मला वाटलं मैत्रिणीचं नाव घेते आहे. तिला तहान लागली होती. शेवटी ती रडायला लागली तेव्हा तिसरीतल्या मुलाने सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. डी.एड.ला पहिला नंबर होता माझा. इथे मला मुलं काय बोलतात तेच कळत नाही, आणि मी बोलतो ते त्यांना कळत नाही. आधीच्या लोकांना विचारलं तर म्हणतात, चालतं इथे असंच, हळूहळू होतं. पण पहिलीचं वर्ष हळूहळू निघून जातं ना. कुणी सांगेल का, सुरुवात कुठून करू?

---

भगवंतनगरी

बाळा, आधी एक सांगतो. तुला झोप लागली नाही याचा अर्थ तू चांगला शिक्षक होणार आहेस.

आता काम. तिसरी-चौथीतली दोन चुणचुणीत मुलं रोज पंधरा मिनिटं तुझ्या वर्गात बसव, ती तुझी दुभाषी. पहिल्या महिन्यात पुस्तक बाजूला ठेव. मुलांकडून शंभर शब्द शिक: नीरु, मने, ऊटा, बा, होगु. तू चुकीचा उच्चार केलास की मुलं हसतील, हसू दे. गुरुजीही शिकतात हे त्यांना कळेल. मग तेच शब्द चित्रासह दोन्ही भाषांत भिंतीवर लाव, ‘नीरु – पाणी’. जे बोलता येतं त्यावरून वाचायला शिकणं सोपं. आणि शेजारच्या कन्नड माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षकांकडे एकदा जाऊन ये. अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्याच कन्नड शाळा आहेत. आपल्याच खात्यातली माणसं, पण मराठी आणि कन्नड शाळांचे शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन बसल्याचं मी फार कमी पाहिलं.

---

हेमाडपंती

मी शिक्षक प्रशिक्षणाच्या क्षेत्रात आहे. वर जे अनुभव आले आहेत त्यांना अभ्यासाचा आधार आहे, म्हणून थोडं लिहितो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो. स्वतः करून जमलं, आपल्यासारख्याला जमलेलं पाहिलं, ज्याच्यावर भरवसा आहे अशा माणसाने सांगितलं, आणि मनावर ताण नसला. यातली पहिली वाट सगळ्यात पक्की. आता आपली व्यवस्था बघा. आपण बहुतेक भर तिसऱ्यावर देतो, म्हणजे भाषणं, सत्कार, प्रेरणादायी व्हिडिओ. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शिक्षकाला २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली. जिल्ह्याला अभिमान वाटावा असंच ते आहे. पण नुसता हार घालून दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला काही येत नाही. त्याने तो वर्ग पाहायला हवा, मग स्वतःच्या वर्गात एक छोटी गोष्ट करून पाहायला हवी, आणि ती फसली तर विचारायला कुणी हवं.

मुख्याध्यापकाबद्दल: न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं की शाळाप्रमुखाच्या कोणत्या वागण्याचा मुलांच्या शिकण्याशी सर्वांत जास्त संबंध दिसतो. शिक्षकांच्या शिकण्याला उत्तेजन देणं आणि त्या शिकण्यात स्वतः सहभागी होणं, हे सर्वांत वर आलं. या एका मुद्द्यावरचे अभ्यास मोजके आहेत, त्यामुळे आकडा डोक्यावर घेऊ नये. पण मॅडमनी स्वतःचा फसलेला तास दाखवला ते नेमकं हेच.

आणि धोरणाबद्दल आपल्याच देशातला धडा. मध्य प्रदेशात शाळांचं मूल्यमापन करायचं, प्रत्येक शाळेने सुधारणा आराखडा करायचा, अधिकाऱ्यांनी पाठपुरावा करायचा असा कार्यक्रम झाला. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी त्याची काटेकोर चाचणी घेतली. आराखडे झाले, भेटी झाल्या, कागद व्यवस्थित. शिकवण्यात फरक नाही, मुलांच्या शिकण्यातही नाही. तरी कागद पूर्ण दिसत होते म्हणून कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि हजारो शाळांत वाढवला. पुढेही परिणाम शून्यच. कागद भरणं हेच काम ठरलं की कागद भरला जातो. आकड्यावरून शिक्षा होणार असेल, तर वर येणारा आकडा खरा नसतो. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान ५ जुलै २०२१ला सुरू झालं, तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, २०२६-२७ पर्यंत. उद्दिष्ट अतिशय योग्य आहे. पण ते गाठायचं असेल तर ‘माझी अकरा मुलं मागे आहेत’ असं म्हणणाऱ्या शिक्षकाला त्याच आठवड्यात मदत मिळायला हवी, नोटीस नव्हे.

वेळेबद्दलही लिहितो, कारण बऱ्याच मुख्याध्यापकांना हे ठाऊक नसतं. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. मतदारयाद्यांच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं आहे की ते सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला ४५ तास धरले आहेत, तयारीचा वेळ धरून. तयारी हा कामाचाच भाग आहे असं कायदाच म्हणतो. मुख्याध्यापकाने ठामपणे ते मागावं. आणि नवीन शैक्षणिक धोरणात वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे आहेत. ते सगळे ऑनलाईन प्रमाणपत्रांत घालवण्यापेक्षा निम्मे एकमेकांच्या वर्गात बसण्यासाठी धरले तर काय बिघडेल?

---

एकोणीस वर्षं

सगळं पटलं. माझंही लिहिते. माझी १९ वर्षं सेवा झाली. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हायचं. त्या आठवड्यात शाळेत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मुलांना शिकवताना मनात एकच: मी शिक्षिका आहे की नाही?

निकालावर इथे वाद नको. मी अभ्यास करते आहे. पण आमच्या मुख्याध्यापकांनी जे केलं ते सांगायलाच हवं. ते स्वतः त्या अटीत बसत नाहीत, निवृत्ती जवळ आहे. तरी शनिवारी दुपारी ते आमच्यासोबत बसून प्रश्न सोडवतात. बालमानसशास्त्राचा एखादा प्रश्न आला की म्हणतात, “हे आपल्या दुसरीतल्या कुणाला लागू पडतं?” आणि चर्चा परीक्षेवरून वर्गावर येते. परवा अशाच एका चर्चेतून माझ्या वर्गातल्या, एकदाही तोंड न उघडणाऱ्या मुलीला मी गटात कुठे बसवावं ते सुचलं. ती आता शेजारणीशी बोलते. माझ्याशी अजून नाही.

---

सीनाकाठ

मॅडमचं वाचून आम्हीही केलं. समितीच्या बैठकीत मी म्हटलं, आज तांदळाचं नंतर, आधी पोरं वाचून दाखवू द्या. गुरुजींचा चेहरा उतरला. माझ्याच पोराला उभं केलं, तो शब्दापर्यंत आहे, वाक्य जमत नाही. वाईट वाटलं. पण गुरुजी म्हणाले, “ऊसतोडीची नवी पोरं आली, हंगामभर वर्ग भरलेला, वर दोन आठवडे मी दुसऱ्या ड्युटीवर.” हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग ठरलं, गावातल्या बारावी झालेल्या दोन मुली रोज तासभर येणार, गुरुजी सांगतील तसं. आणि समितीच्या ठरावाने वर पत्र दिलं की ड्युटी सुट्टीच्या दिवशी लावा. बघू काय होतं.

---

पूर्वभागातला मास्तर

+१. समितीचा ठराव मुख्याध्यापकाच्या पत्रापेक्षा भारी पडतो, हा माझाही अनुभव आहे.

---

सीमेवरचा सेवक (पाच आठवड्यांनंतर)

काकांना आणि सगळ्यांना नमस्कार. ६४ शब्द झाले माझे. मुलं माझी परीक्षा घेतात. भिंतीवर दोन्ही भाषांतली चित्रं लावली. जी मुलगी ‘नीरु’ म्हणून रडली होती तिने काल ‘पाणी’ हा शब्द भिंतीवर न बघता पाटीवर लिहिला, आणि मग ‘पान’ आणि ‘नाणी’ स्वतः बनवून दाखवले. मी कुणी सांगितलं नसताना धावत दुसऱ्या सरांकडे गेलो. त्यांनी पाटी बराच वेळ पाहिली, आणि विचारलं, “उद्या तुमच्या वर्गात थोडं बसू का?”

एक अडचण आहे. तांड्यावरून तीन मुलं आली आहेत, त्यांना कन्नडही नीट येत नाही, ती घरी लमाणी बोलतात. गावात शिकवणारं कुणी नाही. इथे कुणाला येते का?

---

चिंचेखालची शाळा

आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताई तांड्यावरच्याच आहेत. तुम्हाला हवे असलेले मराठी शब्द इथे टाका. उद्या खिचडी झाली की त्यांच्याजवळ बसते आणि रात्री लिहून पाठवते.